जुळ्या लिनक्सला घेऊन चाकणला

चाकणला माणसं कामाला जातात, साखरपुड्याला जातात, कांदा विकायला जातात. प्रवासाला म्हणून कोणी जात नाही. मी गेलो, आणि एकदा नव्हे. चिंचवडजवळच्या रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत हे सांगितलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे जोशी म्हणाले, "चाकण? तिथे पाहण्यासारखं काय आहे?" त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. शिवाय बाळू मुंगसे या माणसाबद्दल आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एक चुकीची गोष्ट पसरलेली आहे. ती दुरुस्त करायचं काम माझ्याशिवाय कोणालाच करता येणार नाही, कारण ती माझ्यामुळे पसरली.

निमित्त झालं सुनंदाताईंच्या फोनचं. चाकणजवळ त्यांचा स्प्रिंगचा कारखाना आहे. नवरा शेती आणि गावकी बघतो, कारखाना बाई बघतात. त्यांच्याकडे स्प्रिंग तपासायचं एक यंत्र आहे. ते स्प्रिंग दाबतं, किती दाबली आणि किती जोर लागला याचा आलेख काढतं आणि आलेखाचं स्टिकर छापतं. ते स्टिकर खोक्यावर लावल्याशिवाय मोठी कंपनी माल घेत नाही. यंत्राला जोडलेला संगणक पूर्वी मीच बसवून दिला होता.

"अण्णा, तुमी जिवंत हाय ना?" बाईंनी फोनवर विचारलं.

"आहे."

"मग या. कंपनीचं इन्स्पेक्शन हाय. त्यो जुना कंप्युटर बघितला तर माल बंद करत्यात."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर घरभर दोनदा फिरून आलो. निर्मला म्हणाली, "काय झालं? कोणी गेलं का?" मी म्हणालो, "नाही, मीच जातोय."

पहिला गुरुवार: चाकण

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. विजेच्या सोयीसाठी कधीतरी कारखान्यांची सुट्टी गुरुवारी ठेवली गेली, ती तशीच राहिली. लातूरकडून इथे नवा आलो तेव्हा गुरुवारी दुपारी सगळा रस्ता झोपलेला पाहून मला वाटलं होतं, कोणी पुढारी वारला. आता गुरुवार आला की माझे हात शिवशिवतात. चालू यंत्राला हात लावता येत नाही. ज्याला यंत्राच्या आत शिरायचंय त्याचा वार गुरुवार.

नाशिक फाट्याला बस बदलली. मोशीत शेजारी एक आजीबाई येऊन बसल्या. बाहेर उंच इमारतींच्या रांगा, नावं सगळी युरोपातली, आणि त्यांच्या कंपाउंडला घासत चार म्हशी निवांत चाललेल्या. आजींनी खिडकीतून बोट दाखवलं. "त्ये बगा, तितं आमचं वावर हुतं. आता तितं जिम हाय."

"तुम्ही जाता का जिमला?"

"मी कशाला? त्या वावरात मी चाळीस वर्सं जिमच केली की!" म्हणून त्या इतक्या हसल्या की कंडक्टरही हसला. इंद्रायणी ओलांडेपर्यंत आम्ही तिघंही हसत होतो. उतरताना त्यांनी माझ्या हातावर मूठभर भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. लातुरात आम्ही शेंग ओळखीच्याच माणसाला देतो. इथे शेंग दिली की ओळख होते.

चाकणच्या तळेगाव चौकात मात्र बस उभी राहिली ती राहिलीच. ज्यांनी तो चौक पाहिला नाही त्यांना सांगतो, कंटेनर तिथे वाहतात असं नाही, ते मुक्कामाला असतात. एका कंटेनरखाली ड्रायव्हरने स्टोव्ह पेटवून कुकर लावला होता. शिट्टी झाली, त्याने झाकण काढलं, वरण ढवळलं, आणि तोवर आमची बस जागची हलली नव्हती. शेवटी मी उतरून चालत गेलो.

सुनंदाताई दारातच होत्या. "म्हातारं झालात की!" म्हणाल्या. मी म्हणालो, "तुम्ही नाही झालात." त्या म्हणाल्या, "व्हय, खोटं बोलायची सवय ऱ्हायलीय अजून."

हे वाक्य त्यांनी गमतीत टाकलं होतं. मला ते लागलं ते का, ते आता सांगतो.

लिनक्स ही फुकट मिळणारी, कोणालाही उघडून बघता येणारी संगणक चालवण्याची प्रणाली. ती घेऊन वेगवेगळे लोक आपापला संच बांधतात. त्यातला एक संच मोठ्या कंपन्या पैसे देऊन वापरतात. त्याच्या उघड्या आराखड्यावरून काही मंडळी हुबेहूब जुळा संच बांधतात आणि फुकट वाटतात. गंमत अशी की पैशाच्या संचासाठी बनवलेला प्रोग्रॅम जुळ्यावर काहीही न बदलता चालतो. सुनंदाताईंचा स्प्रिंगचा प्रोग्रॅम तसाच होता. तो ज्यांनी बनवला ते दुकान बंद करून गेले होते. त्याचा आराखडा कोणाकडेही नाही. आहे तो तयार प्रोग्रॅम, जसा आहे तसा. तो चालवायला मी तेव्हा फुकटचा जुळा बसवून दिला आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "ताई, आता काळजी नाही."

काही वर्षांनी बातमी आली की तो जुळा बांधणारे लोक तो ठरल्यापेक्षा लवकर बंद करणार, म्हणजे त्याची डागडुजी थांबणार. तेव्हा कारखान्यातला संगणक बाळू बघायचा. बाळू म्हणजे सुनंदाताईंचा दीर. त्याने मला फोन केला की आता कुठलं लिनक्स टाकू. मी तेव्हा भाचीच्या लग्नात, उदगीरला, जिलबीच्या ताटासमोर होतो. मी म्हणालो, "कुठलंही टाक रे. आतून सगळं लिनक्स एकच. एखादी फाइल सापडत नाही असं प्रोग्रॅम म्हणाला, तर नव्या फाइलला जुनं नाव दे. चालतं."

बाळूने तसंच केलं. वेगळ्याच घराण्याचा संच टाकला. प्रोग्रॅमने चित्र काढायची एक जुनी फाइल मागितली, बाळूने नव्या फाइलला जुनं नाव दिलं. प्रोग्रॅम उघडला, दिवसभर चालला, स्टिकरं छापली. स्टिकरवर आकडे आले, आलेखाच्या जागी मात्र कोरी चौकट. घाईत कोणी पाहिलं नाही. सगळा माल कंपनीने परत पाठवला.

सुनंदाताईंनी जुनी डिस्क परत लावली आणि मला फोन केला. "अण्णा, भावजींनी कायतरी घोळ घातला बगा." मी एवढंच म्हणालो, "हं."

त्या हुंकाराने बाळूचा कारखाना सुटला. घरात भांडण झालं, तो बायकोला घेऊन तळेगावला गेला. आणि पट्ट्यात "बाळूनं मशीन घालवलं" ही कहाणी रूढ झाली. एकदा भोसरीत एका अनोळखी माणसाने मला ती सांगितली, वर सल्ला दिला, "घरच्या माणसाच्या हातात कंप्युटर देऊ नये भाऊ." तिथेही मी मान डोलावली.

"पर अण्णा," सुनंदाताईंनी चहा ठेवत विचारलं, "भावजींनी टाकलं त्ये बी लिनक्सच हुतं ना? मग का न्हाई चाललं?"

मी खिडकीतल्या डब्यातून दहा एमएमचे दोन बोल्ट काढले. एकाचा आटा, म्हणजे अंगावरचा पेच, जाड, दुसऱ्याचा बारीक. एकच नट दोन्हींवर फिरवायला दिला. जाडावर सुरकन गेला. बारीकवर एक-दोन फेरे गेला आणि अडकला.

"दिसायला सारखे आहेत," मी म्हणालो. "सुरुवातीला बसल्यासारखंही वाटतं."

"आन जोर केला की आटा जातो," त्या म्हणाल्या. "म्हंजी भावजींनी जोर केला."

इथे बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मी त्यात बिस्कीट घातलं.

दुसरा गुरुवार: तळेगाव दाभाडे

मधल्या दिवसांत मी घरी एक नवा जुळा उतरवून घेतला. त्याच पैशाच्या संचाचा, पण दुसऱ्या मंडळींनी बांधलेला, आणि पुढची काही वर्षं सांभाळला जाणारा. माझ्या जुन्या संगणकाच्या कॅबिनेटमध्ये तो टाकला आणि चाकणहून उतरवून आणलेला स्प्रिंगचा प्रोग्रॅम त्यावर चढवला. त्याने दोन क्षण विचार केला आणि लिहिलं: यंत्र सापडत नाही.

मी ओरडलो. निर्मला धावत आली. "चालत नाही म्हणतंय ना?"

"अगं, पण बघ तरी, किती नीट चालत नाही म्हणतंय!"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू लग्नाच्या वेळी मुलगा पुन्हा एकदा बघायला हवा होता. पण खरंच सांगतो, तो उघडून, सगळं तपासून, यंत्राच्या दारापर्यंत जाऊन घंटी वाजवून आला होता. घरी यंत्र नाही, याला तो बिचारा काय करणार! चित्राची फाइल लागते ती स्टिकर छापताना, त्यामुळे पुढचं चाकणलाच कळणार होतं.

या आनंदात मी तळेगावला गेलो. आनंदाचा उपयोग अशाच कामांना करावा; एरवी धीर होत नाही. तळेगाव चिंचवडपेक्षा थंड, झाडं जास्त, आणि माणसं स्टेशनवरसुद्धा घाई करत नाहीत. पत्ता विचारत गेलो, तर एका टपरीवर बाळू भेटला. आता तो एका कंपनीत सेकंड शिफ्ट करतो, त्यामुळे सकाळ मोकळी.

"काय अण्णा, वाट चुकलात का?" पोट सुटलं होतं त्याचं, हसणं तेच होतं.

"बाळू, मी एक फोनवर..."

"जिलबीचा?"

मी त्याच्यासमोरच्या बाकावर बसलो.

"तोंडात जिलबी ठेवून बोलत होतात राव. मी दोनदा 'आँ?' केलं. तुम्ही म्हणालात, नाव दे, चालतं. मी दिलं नाव." त्याने माझ्यापुढे वडापाव सरकवला. "खा, इथली चटणी चांगली आहे."

"मग वहिनींना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, आता म्हाताऱ्यावर ढकलतोय. तुमच्यावर लई विश्वास त्यांचा. आणि तुम्ही सांगाल असं वाटलं. एक महिना वाटलं. मग वाटायचं थांबलं."

चटणी खरंच चांगली होती. बाळू मजेत मिरची चावत होता. मी म्हणालो, "माफ कर."

"केलं की. मला सांगून काय होतंय अण्णा, मला तर पहिल्यापासून माहीत आहे! वहिनीला सांगा."

"सांगतो. पुढच्या गुरुवारी ते चाललं की लगेच..."

"चालल्यावर नाही." त्याने हात पुसले. "चाललं की पेढे येतील. पेढ्याबरोबर तुमचं बोलणंही गिळून टाकतील सगळे. वहिनी म्हणतील, जाऊ द्या हो. तसं नको. चालायच्या आधी सांगा. मग चालो नाहीतर न चालो."

"आणि तू येशील?"

"गेटपर्यंत. आत बोलावलं तर आत."

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. देहूरोडपर्यंत मी पुढच्या गुरुवारची वाक्यं जुळवत होतो. प्रत्येक वाक्यात 'पण' येत होता. शेवटी सगळे 'पण' काढून टाकले, तेव्हा फारच थोडं उरलं.

तिसरा गुरुवार: पुन्हा चाकण

या वेळी मांडीवर कॅबिनेट होतं. निर्मलाने ते जुन्या चादरीत बांधून वर गाठ मारली होती. कंडक्टर म्हणाला, "काका, कोंबड्या असतील तर लगेज लागेल." मी म्हणालो, "लिनक्स आहे." तो म्हणाला, "मग चालतंय, ते शाकाहारी." मागच्या सीटवरची मुलगी खो-खो हसली. आयटीतली असावी. तिने भोसरीपासून कुरुळीपर्यंत मला प्रश्न विचारले आणि उतरताना गाठीवरून हात फिरवून "ऑल द बेस्ट" म्हणाली, मला नाही, कॅबिनेटला.

गेटबाहेर बाळू मोटारसायकलवर बसलेला होता. एक पाय जमिनीवर, हेल्मेट मांडीवर. मी आत गेलो.

संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, हा तिथला नियम. देवघरापेक्षा कडक. मी चपला काढल्या, कॅबिनेट टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडायच्या आधी बोललो.

"ताई, त्या वेळी बाळूने स्वतःच्या मनाने काही केलं नव्हतं. कुठलंही लिनक्स टाक, हे मी सांगितलं. नव्या फाइलला जुनं नाव दे, हेही मीच. तुमचा फोन आला तेव्हा मला हे माहीत होतं आणि मी बोललो नाही."

सुनंदाताई उभ्या होत्या त्या खुर्चीत बसल्या. मग त्या म्हणाल्या, "भावजी दोन वर्सं बोललं न्हाई माज्याशी. आमच्या सासूबाई जेवताना रोज त्येंचं नाव काडून मला टोमणा मारत्यात. आन तुमी आमच्या पोराच्या बारशाला यिऊन लाडू खाऊन गेला."

"हो. दोन खाल्ले."

"तीन!"

मला वाटलं आता बाहेर काढतात. त्यांनी फोन उचलला. "थांबा. मला एकटीला सांगून भागत न्हाई. ज्येंच्या ज्येंच्या पुढं मी भावजींना नावं ठिवली त्या समद्यांना सांगा."

आणि मग सुरू झाला या प्रवासातला सगळ्यात लांबचा टप्पा, जागेवर बसून केलेला. पहिला फोन सासूबाईंना, स्पीकरवर. मी घाबरत सगळं सांगितलं. मग पलीकडून आवाज आला, "मी म्हनलंच हुतं! माजा बाळ्या असं करायचा न्हाई. तू कोन रं?" मी नाव सांगितलं. "वय काय तुजं?" सांगितलं. "मग आता तरी शाना हो!" फोन बंद.

दुसरा फोन शेजारच्या ग्राइंडिंगवाल्या पाटलांना. तिसरा मोठ्या कंपनीतल्या क्वालिटीच्या साहेबांना, ते नातवाला शाळेतून आणत होते, म्हणाले, "बरं, बरं, पण आता स्टिकर येतंय का?" चौथ्यापर्यंत माझा आवाज मोकळा झाला. पाचव्याला मी स्वतःहून जिलबीसुद्धा सांगितली आणि पलीकडचा माणूस हसायला लागला, मग सुनंदाताई, मग मी. पापाचं ओझं इतक्या गमतीत उतरवू नये, पण उतरत होतं त्याला मी काय करू! भोसरीतल्या त्या सल्ला देणाऱ्या माणसाचं नावच मला माहीत नाही. भाऊ, हे वाचत असाल तर घरच्या माणसाच्या हातात कंप्युटर अवश्य द्यावा.

शेवटचा फोन ठेवून सुनंदाताई खिडकीशी गेल्या.

"भावजी, भाईर काय हुबं ऱ्हायलाय? आत या. चपला काडून."

बाळू आला. वहिनींच्या पाया पडायला वाकला, त्यांनी खांद्याला धरून वर उचललं आणि पाठीत एक दणका दिला, चांगला आवाज येईल असा. "बोलायचं की मेल्या!" एवढंच. मग दोघंही कॅबिनेटची गाठ सोडायला लागले आणि ती सुटेना, कारण निर्मलाची गाठ.

जोडणी झाली. यंत्राची केबल बसली. मी खुर्ची ओढली तर सुनंदाताई म्हणाल्या, "तुमी नगं. भावजी बसतील." मी हात मागे बांधून उभा राहिलो. बाळूने प्रोग्रॅम उघडला, यंत्र सापडलं. स्प्रिंग ठेवली, दाबली, पडद्यावर आकडे आले. छापा म्हटलं. आणि लाल अक्षरांत तोच निरोप आला: चित्राची फाइल सापडत नाही.

बाळूचे कान तांबडे झाले. "हीच ती," तो हळूच म्हणाला.

"हीच," मी म्हणालो. "आता नाव नाही द्यायचं. मूळ मापाची बसवायची."

त्या पैशाच्या संचाच्या घराण्याची हीच खुबी. जुनी गिऱ्हाइकं सोडायची नाहीत म्हणून जुन्या मापाच्या फाइली मुद्दाम जपून ठेवतात, आणि जुळा बांधणारेही त्या तशाच बांधतात. चाकणच्या इंटरनेटवर भरवसा नको म्हणून मी त्या फाइलींचं सगळं कोठार पेनड्राइव्हवर आणलं होतं. बाळूने फाइल शोधली, माझ्याकडे वळून बघितलं, मी मान हलवली. त्याने ती बसवली. पुन्हा स्प्रिंग, पुन्हा दाब, पुन्हा छापा.

प्रिंटरने घसा खाकरला आणि स्टिकर बाहेर टाकलं. सुनंदाताईंनी ते उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. बाळू बघायला गेला नाही. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"हाय," त्या म्हणाल्या. "रेघ हाय. चढतीय बगा कशी, सरळ!"

बाळूने टेबलावर डोकं टेकलं. मी नाचलो. या वयात नाचणं म्हणजे दोन्ही पाय जागीच उचलणं, पण ते मी केलं, अनवाणी, आणि यंत्राच्या कोपऱ्यावर अंगठा आपटून घेतला.

जेवण घरून आलं होतं: मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी. मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळतात आणि वड्या पाडतात. आमच्याकडे लातुरात हा पदार्थ नाही, आणि ही लातूरची चूक आहे. वासानेच मी पुढे सरकून पाटावर बसलो आणि धुतलेला हात पुढे केला.

सुनंदाताईंनी वाढलेलं ताट माझ्यासमोरून नेलं आणि बाळूपुढे ठेवलं. त्याच्या भाकरीवर लोणी घातलं. रस्सा वाटीच्या काठापर्यंत ओतला. त्याने पहिला घास तोंडात घातला, चावला, गिळला, तोवर त्या पळी हातात धरून उभ्या होत्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता तुमचं ताट अण्णा. सरका जरा, भावजींच्या खालच्या पाटावर बसा."

मी सरकलो. मासवडी अप्रतिम होती. तीनदा मागून घेतली, आणि प्रत्येक वेळी त्यांनी आधी बाळूला विचारलं, "वाढू का ह्यास्नी?"

"वाढा वहिनी," बाळू तोंड भरून म्हणाला. "भुकेलेत बिचारे."